जुनी फियाट घ्यावी की पहिली मारुती?

जुनी गाडी घ्यायची ठरली की मराठी घरांत बहुधा दोन नावांवर गाडं अडतं. एक फियाट, म्हणजे कागदोपत्री ‘प्रीमियर पद्मिनी’. दुसरी मारुती ८००. वाचकांचे प्रश्नही याच दोन गाड्यांभोवती फिरतात. ‘दोन्हींत चांगली कोणती?’ ‘पन्नास वर्षांची गाडी रस्त्यावर आणता येते का?’ ‘आजोबांची फियाट शेडमध्ये उभी आहे, कागदांची मुदत कधीच संपली, आता काय करायचं?’ ‘आमची मारुती १९९८ ची आहे, ती क्लासिक धरायची का?’

यातल्या पहिल्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही, कारण कशासाठी चांगली हे त्यात विचारलेलंच नसतं. दोन वेगळ्या काळांतल्या गाड्या आकड्यांच्या तक्त्यात शेजारी मांडल्या की नंतरची गाडी जिंकणार, हे तक्ता न मांडताही सांगता येतं. गाडीचं कौतुक तिच्या काळाच्या हिशेबाने करा, पण ती विकत घ्या तुमच्या आजच्या हिशेबाने: घरी जागा किती, जवळ कारागीर कोण, कागद कसे आहेत आणि महिन्यातून गाडी कितीदा बाहेर काढणार. पुढचं मार्गदर्शन याच हिशेबाने केलं आहे.

आधी स्वतःला विचारा: गाडी कशासाठी?

खालीलपैकी तुमचं कारण कोणतं, ते कागदावर लिहून ठेवा. गाडी समोर आली की मन पाघळतं आणि कारण बदलतं, म्हणून लिहायचं.

- अधूनमधून चालवण्यासाठी: रविवारी सकाळी गावात फेरी, सणासुदीला नातेवाइकांकडे. अशा वेळी गाडी भरवशाची आणि लगेच दुरुस्त होणारी हवी. ती तंतोतंत मूळ रूपात असण्याचा आग्रह सोडता येतो.
- प्रदर्शनासाठी आणि रॅलीसाठी: इथे मूळ रंग, मूळ इंजिन, मूळ बंपर, मूळ दिवे यांनाच किंमत. उत्तम चालणारी पण आतून बदललेली गाडी इथे उपयोगाची नाही.
- घरची आठवण म्हणून: वडिलांची किंवा आजोबांची गाडी वाचवायची आहे. इथे ‘दुसरी घ्यावी का’ हा प्रश्नच नसतो. दुरुस्ती किती करायची आणि कुठे थांबायचं, एवढंच ठरवायचं असतं.
- पैसे वाढतील म्हणून: हे कारण असेल तर थांबा. या दोन्ही गाड्या लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आल्या. मोजक्या, अतिशय मूळ राहिलेल्या गाड्या सोडल्या तर दुरुस्तीवर घातलेला पैसा विक्रीत परत येण्याची आशा धरू नका.

दोन गाड्या, दोन काळ

निर्णयाला लागेल एवढीच पार्श्वभूमी इथे देतो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या होऊ लागल्या. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. पुढे ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नाव बदललं तरी लोकांनी तिला फियाटच म्हटलं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, ताकद ४० अश्वशक्तीच्या आसपास. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खाली, पुढची सीट सलग, मागच्या चाकांना ओढ, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे. वजन नऊशे किलोंच्या जवळपास. परवान्यांच्या त्या जमान्यात गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. त्यामुळे ही गाडी पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरली गेली, आणि रस्त्याकडेच्या कारागिराला उघडता येईल अशीच तिची बांधणी होती.

मारुती ८०० चं पहिलं वितरण १४ डिसेंबर १९८३ रोजी झालं. किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. किंमत तेव्हा सुमारे ४७,५०० रुपये होती. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद जवळपास फियाटइतकीच. पण गाडीचं वजन साधारण अडीचशे किलोंनी कमी आणि ओढ पुढच्या चाकांना. ती इतकी चपळ का वाटली, याचं उत्तर या वजनात आहे. पहिलं रूप ‘एसएस ८०’ या नावाने ओळखलं जातं. १९८६ मध्ये नवी, गोलसर बांधणी आली आणि तीच थोड्याफार बदलांनी जानेवारी २०१४ पर्यंत निघत राहिली. म्हणून कुणी ‘पहिली मारुती’ विकतोय म्हटलं की वर्ष विचारा. १९८३ ते १९८६ मधली गाडी दुर्मीळ आहे. १९९८ ची मारुती अजून फक्त जुनी गाडी आहे. घरची असेल तर जरूर सांभाळा, पण ‘क्लासिक’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

तुलना या पाच निकषांवर करा

१. सुट्टे भाग. इथे बहुतेकांचा अंदाज उलटा निघतो. फियाटचे भाग इतकी वर्षं मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. मागणी आटली की दुकानातला साठा संपेल तसा संपतो, तो पुन्हा भरला जात नाही. तरी कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाऊस परिसर आणि दिल्लीचं काश्मिरी गेट इथे इंजिनाचे आणि ब्रेकचे भाग शोधता येतात.

मारुतीचं ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीमध्येही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. त्यामुळे इंजिनाच्या भागांची चिंता नाही. अडचण आहे ती पहिल्या एसएस ८० च्या बाह्यांगाची. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्ट्या भागांतून जुळवल्या जात. त्यांचे मागचे दिवे, डॅशबोर्ड, बंपर, काचेभोवतीचे रबर हे भाग आता मिळवणं फियाटच्या इंजिनाचे भाग मिळवण्यापेक्षा अवघड आहे. एसएस ८० बघताना बाहेरचा एखादा भाग गायब असेल, तर ‘नंतर बघू’ म्हणू नका.

२. कारागीर. गाडी घेण्याआधी कारागीर शोधा. फियाटला कार्ब्युरेटर, काँटॅक्ट पॉइंट आणि टॅपेट जमवणारा माणूस लागतो. हे हात आता साठीच्या पुढे गेले आहेत. मुंबईत जुने टॅक्सी मेकॅनिक आहेत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअरिंग-मशिनिंगचं काम होतं. तुम्ही यवतमाळला किंवा रत्नागिरीला असाल तर जवळचा माणूस कोण, हे आधी नक्की करा. मारुतीला ही अडचण बहुधा येत नाही. तालुक्याच्या गॅरेजातही ८०० उघडलेला मेकॅनिक सापडतो.

३. इंधन. देशात शिसंयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये पूर्ण बंद झालं. त्याआधीच्या इंजिनांत शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीचं रक्षण करायचं. फियाटचं हेड कधी उघडलं होतं आणि व्हॉल्व्ह सीट बदलल्या का, हे म्हणूनच विचारा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं. दोन्ही गाड्यांत पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटं नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारची बसवून घ्या. टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, नाहीतर टाकी आतून गंजते आणि तो गंज कार्ब्युरेटरमध्ये येऊन बसतो.

४. सुरक्षितता. दोन्ही गाड्या आजच्या मापाने असुरक्षित आहेत, हे मान्य करूनच पुढे जा. एअरबॅग नाही, एबीएस नाही, १९९४ पूर्वीच्या गाडीत सीटबेल्टही नसण्याची शक्यता. फियाटचा पत्रा जाड, म्हणून ती जास्त सुरक्षित, हा समज सोडा. जाड पत्रा धक्का शोषत नाही, धक्का माणसापर्यंत पोहोचतो. शिवाय ड्रम ब्रेकवर नऊशे किलोंची गाडी घाटात उतरवताना ब्रेक तापून सैल पडतात. दोन्हींना सीटबेल्ट आणि चांगले हेडलाइट बसवा, आणि द्रुतगती मार्गाचा हट्ट धरू नका.

५. चालवण्याचा सराव. स्टीअरिंगखालचा गिअर, चोक, पॉवर नसलेलं स्टीअरिंग आणि जोर लावून दाबायचा ब्रेक यांची सवय नसेल, तर फियाटला काही आठवडे द्यावे लागतील. घरातल्या इतरांनाही गाडी चालवायची असेल तर त्यांना व्यवहारापूर्वी बसवून बघा. मारुती बहुतेकांना पहिल्या दिवशीच जमते.

गाडी बघायला जाताना: आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन

बहुतेक जण बॉनेट उघडून सुरुवात करतात. क्रम उलटा ठेवा. इंजिन दुरुस्त होतं, पत्राही होतो, पण कागद बिघडलेले असतील तर मालकी मिळणंच अवघड.

१. नंबर जुळवा. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहा. खोडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंग करून बसवलेला पत्रा दिसला तर तिथून निघा. एका गाडीचे कागद आणि दुसऱ्या गाडीचा सांगाडा हा जुन्या गाड्यांच्या बाजारातला नेहमीचा प्रकार आहे आणि तो गुन्हा आहे.

२. खालून बघा. या दोन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे जमिनीचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या, पुढच्या शॉकअपच्या वरची जागा आणि मागे पाटे जिथे अडकतात ती जागा गंजली असेल तर गाडीचा कणाच पोकळ असतो. चटई उचला, स्टेपनी काढून बघा. किनारपट्टीवरची गाडी असेल तर हे दुप्पट काळजीने करा.

३. लोहचुंबक न्या. फडक्यात गुंडाळलेला छोटा चुंबक पत्र्यावरून फिरवा. चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. चकचकीत नवा रंग ही जुन्या गाडीत शंकेची गोष्ट आहे.

४. थंड इंजिन सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचण्याआधी गाडी गरम करून ठेवली असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं, पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केट. रेडिएटरचं पाणी तेलकट किंवा ऑइल दुधाळ दिसलं तरी तेच. शक्य असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या.

५. फियाटसाठी खास: स्टीअरिंगला खेळ किती आहे ते पाहा. गिअरचा दांडा ढिला आहे का, पुढच्या सस्पेन्शनला ग्रीस मिळत आलंय का, वेग घेतल्यावर मागून डिफरेन्शियल गुणगुणतं का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला जाते का, हे चालवून बघा. चढावर तापमानाचा काटा कुठवर जातो तेही पाहा.

६. मारुतीसाठी खास: स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा, ‘कटकट’ आवाज आला तर सीव्ही जॉइंट गेले. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा आणि उत्तर मिळालं नाही तर घेतल्याबरोबर बदला. उभी असताना गाडी थोडी थरथरते, ते तीन सिलिंडरांमुळे. ती तक्रार नाही.

७. टॅक्सी होती का, हे विचारा. टॅक्सी म्हणून राबलेल्या पद्मिनीला वाईट म्हणायचं कारण नाही. पण परमिट जमा केल्याचा आणि गाडी खासगी झाल्याचा कागद हवा. सीएनजी बसवला असेल तर आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी.

कागद: काय मागायचं, कुठे अडकतं

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून, गाडीची तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. १५ वर्षं झाली की महाराष्ट्रात गाडी भंगारात काढलीच पाहिजे, हा गैरसमज आहे. तसा नियम दिल्ली आणि परिसराचा आहे. आपल्याकडे गाडी तपासणीत उतरली, पर्यावरण कर भरला, विमा आणि पीयूसी असेल तर ती चालू शकते.

खर्च मात्र आधी जाणून घ्या. २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं, आणि ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने वीस वर्षांपुढच्या चारचाकीसाठी ते १०,००० रुपये झालं. मुदत संपून गेलेल्या खासगी चारचाकीला विलंबासाठी दरमहा ५०० रुपये असा नियम आहे. शेडमध्ये दहा वर्षं उभ्या असलेल्या फियाटचा हा हिशेब व्यवहाराआधी करा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागा. त्या दिवशीचे दर ‘परिवहन’ संकेतस्थळावर पाहून घ्या.

विकणाऱ्याकडून हे कागद हवेत:

- मूळ आरसी. फोटोकॉपीवर व्यवहार नको.
- फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह.
- गाडी दुसऱ्या राज्यातली किंवा दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र.
- जुन्या कर्जाची नोंद आरसीवर असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. कर्ज तीस वर्षांपूर्वी फिटलं असलं तरी नोंद आपोआप निघत नाही.
- विमा, पीयूसी, कराच्या पावत्या आणि थकलेली ई-चलनं नसल्याचा पुरावा.

इथे लोक अडकतात

- ऑनलाइन नोंद नसणं. तीन अक्षरी जुन्या नंबरांच्या बऱ्याच गाड्यांची माहिती ‘वाहन’ प्रणालीत चढलेलीच नाही. मूळ आरटीओत जुनं रजिस्टर दाखवून ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. हे काम विकणाऱ्याने व्यवहारापूर्वी करून द्यावं, असं ठरवा.
- मालक हयात नसणं. आरसीवरचे गृहस्थ वारलेले आणि विकणारा त्यांचा मुलगा, असं असेल तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. घरचीच गाडी असेल तरी हेच करा. भावंडांशी संबंध चांगले आहेत तोवर संमतीपत्र घेऊन ठेवा.
- दिल्लीची स्वस्त गाडी. वयोमर्यादेमुळे तिथल्या गाड्या स्वस्तात मिळतात. ना हरकत प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका; नोंदणी रद्द झालेली गाडी इथे आणून उपयोग नाही.
- रंग आणि बदल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. इंजिन बदलायचं तर परवानगी लागते, रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते. पिवळ्या-काळ्या टॅक्सीला निळा रंग देऊन विकलेली गाडी घेताना ही नोंद पाहा.
- भागांसाठी दुसरी गाडी. सुट्ट्या भागांसाठी एखादी मोडकी गाडी घेतलीत तर तिची नोंदणी रद्द करून घ्या. तिचे कागद किंवा नंबरप्लेट पहिल्या गाडीला वापरू नका.
- नंबरप्लेट. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही एचएसआरपी प्लेट बंधनकारक आहे. पितळी अक्षरांची जुनी प्लेट घरात भिंतीवर लावा.

‘विंटेज’ नोंदणी: फायदा आणि अट

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. इथे दोन काळांतला फरक अगदी कायद्यातच उतरतो. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळ असलेली गाडीच विंटेज ठरते. म्हणजे १९६० च्या दशकातली फियाट पात्र आहे, १९७४ ची पद्मिनीही पात्र झाली. पण पहिलीवहिली मारुती २०३३ च्या डिसेंबरपूर्वी पात्र होऊच शकत नाही. कुणी १९८५ ची मारुती ‘विंटेज’ म्हणून विकत असेल तर ते फक्त जाहिरातीपुरतं आहे.

- नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. नंतर दर पाच वर्षांनी ५,००० रुपये.
- गाडी आधी नोंदलेली असेल तर तिचा जुना नंबर कायम राहतो. नव्याने नोंदणी होत असेल तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात.
- राज्याने नेमलेली समिती गाडी तपासते.
- विंटेज गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणायची.

शेवटची अट वाचूनच अर्ज करा. तुमच्या १९७२ च्या गाडीची नेहमीची नोंदणी चालू आहे आणि तुम्हाला ती अधूनमधून बाजारात, देवळात न्यायची आहे, तर दर पाच वर्षांचं नेहमीचं नूतनीकरण करत राहणं सोयीचं. विंटेज नोंदणी रॅलीतल्या गाडीसाठी ठीक.

विमा घेताना

तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा आहे. त्यात तुमच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. पूर्ण विमा घ्यायचा असेल तर कंपनीशी ‘संमत मूल्य’ ठरवून घ्या आणि ते पॉलिसीवर छापून घ्या. नाहीतर दाव्याच्या वेळी घसारा वजा होऊन हातात नगण्य रक्कम येते. दुरुस्तीची बिलं आणि गाडीचे तारखेसह फोटो जपून ठेवा. मूल्य ठरवताना तेच कामी येतात. गाडी तुमच्या नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही नावावर करा.

तुमचे हक्क

- विकणारे असाल तर: राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवा. आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्याकडे मागितली जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. ‘घेणारा करील नावावर’ यावर विसंबू नका.
- घेणारे असाल तर: ३० दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करा आणि पोच जपा.
- आरटीओने अर्ज नाकारला तर: कारण लेखी मागा. कलम ५७ नुसार ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.
- दलालाकडून घेत असाल तर: एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. ते दाखवायला सांगा. अशा विक्रेत्याने माहिती लपवून गाडी विकली तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. एखाद्या गृहस्थाने घरची गाडी विकली तर मात्र हा मार्ग सहसा चालत नाही, म्हणून तिथे लेखी करार जास्त महत्त्वाचा. गाडीची स्थिती, ज्ञात दोष, किलोमीटर, दिलेले कागद हे सगळं त्यात लिहा.

मग घ्यायची कोणती?

- घरात एकच गाडी ठेवायला जागा आहे, मेकॅनिक लांब आहे, आणि गाडी खरोखर चालवायची आहे: १९८६ नंतरची मारुती ८००. कागद स्वच्छ असलेली, एकाच घरात राहिलेली शोधा. ती क्लासिक म्हणून मिरवता येणार नाही, पण रविवारी सकाळी सुरू होईल.
- प्रदर्शनात ठेवायची आहे आणि वाट पाहण्याची तयारी आहे: १९८३ ते १९८६ ची एसएस ८०, पण बाह्यांग पूर्ण असेल तरच.
- रॅलीला जायचं आहे, विंटेज नोंदणी हवी आहे, आणि कारागीर ओळखीचा आहे: पन्नाशी ओलांडलेली फियाट. मूळ इंजिन असलेलीच.
- सलग सीटवर चौघांना घेऊन गावात फिरायचं आहे, मूळ रूपाचा आग्रह नाही: नंतरच्या काळातली खासगी पद्मिनी. पत्रा चांगला असेल तर इंजिनाकडे थोडं दुर्लक्ष चालेल.
- आजोबांची गाडी वाचवायची आहे: तुलना करत बसू नका. आधी वारसनोंद, मग नोंदणीचं नूतनीकरण, मग ब्रेक-टायर-नळ्या, आणि रंगकाम सगळ्यात शेवटी.

कोणतीही घ्या, गाडीच्या किमतीइतकीच रक्कम पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवा. तेवढी ठेवता येत नसेल तर निम्म्या किमतीची गाडी शोधू नका. ती जास्त महाग पडते. त्याऐवजी आणखी काही महिने थांबा आणि चांगल्या स्थितीतली, थोड्या जास्त किमतीची घ्या.

आणि व्यवहार ठरला की पूर्ण पैसे एकदम देऊ नका. कागद तपासल्यावर विसार, फॉर्मवर सह्या झाल्यावर मोठा हप्ता, आणि उरलेली रक्कम आरसीवर तुमचं नाव आल्यावर, असा क्रम करारात लिहून घ्या. विकणारा याला तयार नसेल तर दुसरी गाडी बघा; दोन्ही गाड्या पुष्कळ निघाल्या होत्या, आणखी एखादी मिळेल.